मानेचं वळण

आमच्या दरीतली म्हातारी माणसं
चर्चमध्ये डावीकडच्याच बाकांवर बसतात.
भक्तीचा त्यात काही संबंध नाही.
मान उजवीकडेच वळते त्यांची,
चाळीस-चाळीस सप्टेंबर तशी वळून.

ट्रॅक्टर पुढे हाकायचा आणि बघायचं मागे,
उजव्या खांद्यावरून,
जिथं दोन ओळींचा चॉपर तिरका फरफटत येतो,
मक्याची ताटं उभीच्या उभी गिळतो
आणि वाकड्या नळीतून
हिरवी कुट्टी मागच्या गाड्यात थुंकतो.
पुढचं काय बघायचंय, बाबा म्हणायचे,
मका कुठं पळून जात नाही.

मी ला क्रॉसच्या इस्पितळात क्ष-किरण काढते.
मार्चमध्ये व्हर्डेल टोलेफ्सरूड, वय एकोणऐंशी,
माझ्याच यंत्रासमोर येऊन उभे राहिले.
"डावीकडे वळा," मी म्हटलं.
ते पायांसकट वळले.
पडद्यावर चौथा, पाचवा, सहावा मणका,
गंजून एकमेकांत बसलेल्या साखळीच्या कड्या.
डॉक्टर म्हणाले, यंदा ट्रॅक्टर नाही.
बाबा म्हणाले, बरं.
आणि माझ्याकडे बघितलं.
मी त्यांच्या उजवीकडे उभी होते.

म्हणून ही रजा. अकरा दिवस, बिनपगारी.
ऑलिव्हर अठराशे पन्नास, माझ्याहून सहा वर्षांनी थोरला,
त्याचा क्लच दाबताना मी सीटवरून उठतेच.
सकाळी पाती दगडावर घासून घेतली,
कणीस मोडलं, दाणा नखानं चिरला,
दुधाची रेघ अर्ध्यावर उतरलेली.
आज नाही तर उशीर.

बाबा सायलोपाशी, ब्लोअरजवळ.
चुलतभाऊ आयव्हर भरले गाडे नेतो, रिकामे आणतो,
आणि प्रत्येक वेळी पिन हरवतो.

तिसऱ्या फेरीला मी नळीकडे बघत होते.
कुट्टी पडत होती, उन्हात वाफाळत,
गोड, ओली, थोडी उसासारखी
(ऊस मी एकदाच खाल्लाय, लुईझियानात).
मला वाटलं, जमलं.
आणि अर्ध्या मैलावरून,
"जेवायला चला" तीनदा ओरडल्याशिवाय
ज्यांना ऐकू येत नाही ते बाबा
टोपी हलवत होते.

डावी ओळ कापलीच जात नव्हती.
तिची साखळी थांबलेली, ताटं आडवी,
चाकाखाली, शंभर पावलं मागेपर्यंत.

"तुम्हाला ऐकू कसं आलं?"
"आवाज वाढला नाही गं," ते म्हणाले,
"एक आवाज कमी झाला."

सीटखालच्या कॉफीच्या डब्यात शिअर बोल्ट असतात,
बोटाएवढे, मऊ लोखंडाचे.
मोठं काही मोडू नये म्हणून
आधी मोडायलाच बनवलेले.
पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात,
मगच हात आत घालायचा.
तुटका तुकडा ठोकून काढला, नवा बसवला.
बाबा बाजूला उभे राहून बघत होते,
मध्ये एक शब्द नाही.
मग म्हणाले, "घरात हे काम तुझी आई करायची."
बोल्ट बदलायचं म्हणताहेत
की मोडायचं, मी विचारलं नाही.

नऊ गाडे झाले. दहाव्याला अंधार.
ऑलिव्हरचा एकच दिवा लागतो, तोही मागचा,
तेवढा पुरतो.

रात्री टेबलाच्या डाव्या टोकाची खुर्ची,
जिथून सगळं घर उजवीकडे येतं,
बाबांनी पायानं माझ्याकडे सरकवली.
मी नको म्हटलं.
मग मीठ मागायला मान वळवली, वळेना,
तेव्हा बसले.
आयव्हर हसला. त्याची पाळी पुढच्या वर्षी.

बाहेर सायलो भरलेला, आत मुरघास तापतोय.
पिवळट धूर दिसला तर जवळ जायचं नाही,
तीन आठवडे कोणी वर चढायचं नाही,
बाबा म्हणाले.
बटाटे संपल्यावर पुन्हा म्हणाले.