पाचवं वटवाघूळ

जिंगदेझनमध्ये, नदीकाठच्या कारखान्यात
छाईयुनच्या बोटांना सकाळपासून लसणाचा वास.
लसणाच्या रसात खललेलं सोनं
चिनीमातीला घट्ट धरतं, असं सासरे सांगायचे.
ते गेले, वास राहिला.

आज वाडग्यांवर वटवाघळं काढायची, पाच-पाच.
तिथल्या बोलीत वटवाघळाच्या नावाचं शेपूट फू,
आणि भाग्य म्हणजेही फू;
एकाच ध्वनीच्या वळचणीला
दोघंही उलटी लटकलेली.

पहिलं आयुष्याचं. दुसरं धनाचं.
तिसरं धडधाकट देहाचं, चौथं सरळ मनाचं.
मधे एक उकललेलं डाळिंब, लेकुरवाळं.
गिऱ्हाईक शांघायचं, घरात लग्न;
पाचवं कसलं, ते त्यांनी विचारलं नाही.
कुणीच विचारत नाही.

पाचवं मरणाचं:
वेळ झाल्यावर, आपल्या अंथरुणात,
कुणाचं देणं मागे न ठेवता आलेलं.
ते ती वाडग्याच्या बुडाशी काढते,
तीन केसांच्या ब्रशने, श्वास रोखून.

भट्टीतून निघालेलं सोनं
सोनं वाटतच नाही. जुन्या हळकुंडासारखं, निस्तेज.
शिकाऊ यूफंग दर वेळी घाबरतो, "करपलं?"
ती अकीकाचा दगड घेते, कुत्र्याच्या सुळ्याएवढा,
आणि घासत बसते, एकेक पंख.
यावर ती शहाणपणाचं काही बोलत नाही.
पाठ दुखते म्हणते. दिवा जवळ आण म्हणते.

अकरा वर्षांपूर्वी देचांग, तिचा नवरा,
लाकडाच्या ट्रकखाली सापडला,
हातात मुळ्याची जुडी.
त्या वर्षी तिने बाराशे वाडगे रंगवले,
बाराशे शांत मरणं,
गवतात गुंडाळून, खोक्यांत भरून
परगावी धाडली.

संध्याकाळी खरंच एक आत शिरलं.
काळं, बिनसोन्याचं,
दिव्याभोवती वेड्यासारखं भिरभिरणारं.
यूफंगने झाडू उचलला.
"राहू दे. खिडकी उघड."

मग तिने पाटावरची सोन्याची भुकटी
ओल्या फडक्याने टिपली, फडकं बादलीत पिळलं
(वर्षअखेरीस गाळाचेही पैसे येतात),
शेवटचा वाडगा पालथा केला,
बुडाच्या त्या एकट्याजवळ ओठ नेले
आणि म्हणाली, फू.

हाक मारली की धूळ उडवली,
पोराला कळलं नाही.
खिडकी रात्रभर उघडीच राहिली.