अठरा ग्रॅम

भत्ता दिवसाला तीनशे चाळीस.
त्यात लॉज नाही, फक्त पोट.
म्हणून बडोद्यात दोन दिवस मी
सकाळीही सेवउसळ खाल्ली, दुपारीही,
तर्री दोनदा मागून घेतली, फुकट होती म्हणून,
आणि तिसऱ्या संध्याकाळी खिशात
चारशे बारा रुपये निघाले.

माझं काम वजनकाट्यांचं.
मकरपुऱ्याच्या कारखान्यांत काटे तपासायचे,
पितळी वजनं मांडायची, आकडा ठरेपर्यंत
श्वास धरायचा, मग शिक्का.
माल कुणाचाही असो,
मी फक्त काट्याचं खोटं पकडतो.

फतेहगंजात, झेरॉक्सच्या दुकानावर, अरुंद जिना.
पाटीवर लाल मासा,
आणि माशाच्या पोटाखाली ठळक गुजरातीत:
शुद्ध शाकाहारी.

मेनू मी उजवीकडून वाचतो.
आधी किंमत, मग पदार्थ.
(जुनी जपानी पुस्तकंही म्हणे उजवीकडूनच उघडतात.
म्हणजे रीत तरी चुकली नव्हती.)
सगळ्यांत लहान आकडा दोनशे साठ.
त्याच्यापुढचं नाव जिभेवर बसेना,
बोट ठेवलं.

काउंटरमागे इबोम्चा. नाव त्यानंच सांगितलं.
घर मणिपूरला, हा भात शिकला बंगळुरात.
"जपान?"
"नाही पाहिलं. तुम्ही?"
"मी नंदुरबारहून सुरत, सुरतेहून इथवर."
तो मान हलवून ओल्या हातात भात घ्यायला लागला.
दोन बोटं दाबायची, उलटायचं, पुन्हा एकदा,
वर भाजलेल्या वांग्याची चकती, झालं.
वाटी नाही, माप नाही,
हाताकडे बघतसुद्धा नव्हता,
बघत होता अडकत फिरणाऱ्या पंख्याकडे.

मला राहवेना. धंद्याचा आजार आहे हा.
बॅगेतला छोटा काटा काढला,
हिरेवाले वापरतात तसला, झाकणाचा.
वर टिश्यू, शून्य केलं,
वांगं उतरवून बशीत ठेवलं
आणि नुसता भात काट्यावर.

अठरा.
दुसरा, अठरा.
तिसरा, चौथा. अठरा, अठरा.
शेजारच्या टेबलावरची युनिव्हर्सिटीची मुलं
काड्या हातात घेऊन उठून आली.
पाचवा, सतरा दशांश नऊ.
इबोम्चा हसला नाही.
"तो वाईट झाला," म्हणाला, आणि हात पुसले.

बावीस वर्षं मी शिक्के दिले,
सगळे यंत्रांना.

सहावा ठेवला. चोवीस.
उचलला, शून्य केलं, परत ठेवला. चोवीस.
वर पाहिलं तर तो पाठ करून
आधीच धुतलेली सुरी धूत होता.
"काका, मशीन बिघडलं तुमचं,"
चष्मेवाली मुलगी म्हणाली.
"हो," मी म्हणालो. "बिघडतं कधी कधी."

चव म्हणाल तर आंबटगोड, कोमट भात,
वांगं मात्र वांगंच, कुठल्याही गावचं.
हातानं खाल्लं. काड्या जुळ्या होत्या,
तोडल्या नाहीत, धाकटीसाठी ठेवल्या.
सहावा शेवटी खाल्ला, हळू.

पोट भरलं का, ते विचारू नका.
गाडीला वेळ होता,
स्टेशनसमोर पुन्हा सेवउसळ, उभ्यानंच.

आता लॉजच्या बिलामागे हिशेब मांडतोय.
रात्रीचे जेवण: भात, सहा नग.
भात नगावर कधीपासून मिळायला लागला, म्हणून
नेहेतेबाई चष्म्यावरून बघणार, ते आहेच.
वजनाचा रकाना मी कोरा सोडलाय.