साल

द्राक्षाला मेण असतं
हे मला शेडवर कळलं.
मणेराजुरीच्या माळावर, फेब्रुवारीत,
पहिल्याच दिवशी मुकादम म्हणाला,
बोटानं घासून बघ.
पांढरी धूळ वाटतीय, ती धूळ न्हवं.
तिच्यामुळं पाणी आत राहतंय.
आपलं काम ती काढायचं.

मग पिंप. पोटॅशियमची पावडर, डिपिंग ऑइल.
क्रेट बुडवायचा, तीन मिनिटं मोजायची,
उचलायचा, निथळू द्यायचा,
जाळीवर पसरायचा.
साल तडकते, इतकी बारीक की दिसत नाही,
आणि पंधरा दिवसांत
चार किलोचा एक किलो होतो.

ह्या कामात मला अकरा सालं झाली.
गंधकाची धुरी, माळाचा वारा, पत्र्याची झळ.
पदर डोळ्यांपर्यंत बांधला तरी
गालाची खपली निघते.
हसले की ओठाची डावी कड चिरते,
म्हणून मी उजवीकडूनच हसते.
नवीन बायकांना वाटतं, ही चेष्टा करतेय.

यंदा बांधावरच्या बाभळीला फुलोरी मोहोळ लागलं.
मुलाण्याच्या जावेदनं मध पिळून नेला,
पोळ्याचा चोथा तिथंच टाकला.
मी तो पदरात बांधून आणला.
पाण्यात उकळला, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला,
रात्रभर ठेवला.
सकाळी पातेल्यात, पाण्यावर,
आवळ्याएवढं पिवळं मेण.

कढईत पाणी, पाण्यात वाटी,
वाटीत मेण एक चमचा
आणि करडीचं तेल पाच, जतच्या घाण्याचं.
मेण हळूच विरघळतं.
आधी कडा जातात, मग मधला भाग,
जसं कुणी उठून जावं न सांगता.
मग कोरफडीचा गर. त्याचा पिवळा चीक आधी निथळून टाकलेला.

पहिल्यांदा फाटलं.
तेल कढत, गर माठाशेजारचा गार.
पाणी एकीकडे, मेणाच्या कण्या एकीकडे,
नासलेल्या दुधासारखं.
समीक्षा म्हणाली, आई, दहा रुपयांची पुडी मिळते.
मिळते.
पण मला ते फाटलेलं बघून राग आला होता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कोमट करून घेतलं,
करंगळी बुडवून पाहिलं.
सोयरिकीतही तसंच असतं,
एकीकडची मंडळी उकळत असली की जमत नाही.
थेंब थेंब घालत गेले, फिरवत गेले, मनगट भरून आलं,
आणि वाटीत एकदम रंग बदलला.
तेलाचा पिवळा गेला,
खरवसासारखं काहीतरी जमून आलं.

आधी कोपराच्या आत लावलं. रात्र गेली, काही झालं नाही.
मग गालाला.

तरी खात्री हवी होती.
म्हणून शेडवर गेले तेव्हा
बुडवायच्या आधीच एक मणी बाजूला काढला,
घासून त्याची पांढरी धूळ पुसली
आणि तिच्या जागी माझं लावलं, नखावर मावेल एवढं.
तिसऱ्या जाळीवर, खांबाजवळ,
बाकीच्यांच्यात ठेवून दिला.
मुकादमाला काय सांगायचं.

सतराव्या दिवशी जाळ्या झाडल्या.
निवडताना अक्काताई म्हणाली, ह्यो कच्चाच राहिला की गं,
आणि खराब मालाच्या टोपलीत टाकला.
मी उचलला.
सुरकुत्या होत्या. नव्हत्या असं नाही.
पण दाबला तर आत पाणी हललं.
खाल्ला.
जिभेला आधी मेण लागलं, मग गोड.

बामच्या रिकाम्या डबीत भरून ठेवलंय.
आठ दिवस टिकतं, नंतर आंबूस वास येतो.
बोट ओलं असेल तर लवकर.
अक्काताई मागतीय, शिकव म्हणते.
शिकवीन.
पण ती बोलते फार,
आणि हे गार होईपर्यंत
हात थांबवून चालत नाही.