फॅमिली वर

लक्ष्मीपुरीतल्या शाखेत तीन दिवस ऑडिट.
दुपारी डब्यातले गार पोहे, संध्याकाळी व्हाउचरांची धूळ,
आणि बुधवारी, तिजोरी बंद झाल्यावर,
मी शिपायाला विचारलं, खरं कोल्हापुरी कुठं मिळेल?
तो म्हणाला, म्याडम, खरं का चांगलं?

रस्त्यावर तर सगळंच खरं होतं.
अस्सल. दोन दुकानं सोडून मूळ अस्सल.
एका दारात फेटा बांधलेला पुतळा, हात जोडून,
आत परजिल्ह्यातून आलेली माणसं
फोटो काढत होती
आणि वाटीत रस्सा निवत होता.

रिक्षावाले सर्जेराव म्हणाले, तिकडं नगा जाऊ,
तिथलं तिखट नुसतं रंगाला हाय.
मी जेवतो तिथं सोडतो तुमास्नी. पण...
आणि त्या 'पण'वर त्यांनी गिअर टाकला.

गंगावेशीच्या मागं, सायकल दुकानाला लागून,
पाटी नाही, एक ट्यूबलाइट,
दारात चपलांचा ढीग.
सगळ्या पुरुषांच्या.
तो 'पण' मला तिथं सापडला.

आत बाकांवर वीसेक माणसं,
फौंड्रीतली, नखांत काळी वाळू,
तालमीतला एक पोरगा, कान चेपलेला.
शिट्टी झाल्यासारखे सगळ्यांचे घास थांबले.
गल्ल्यावरचा म्हणाला, पार्सल?
नाही. बसून.
किती जण?
एकटी.
त्यानं छताकडं बोट केलं: फॅमिली वर.

वर पत्र्याची खोली, कांद्याची पोती, बंद कूलर,
एक टेबल, चार खुर्च्या.
मी बसले.
उरलेल्या तिघी माझ्याकडं बघत राहिल्या.
खालून भाजल्या खोबऱ्याचा वास जिन्यानं वर येत होता,
पण माणूस कुणी येत नव्हतं.
बावीस वर्षं हिशेब तपासतेय,
कुठली रक्कम चुकीच्या खात्यात पडलीय
हे मला पान न उलटता कळतं.

मी उतरले, आणि दाराकडं न वळता स्वयंपाकघराकडं वळले.

मालनताई मिक्सर फिरवत होती.
(पाटा-वरवंटा असता तर लिहायला बरा दिसला असता.)
पोरगं खुळं हाय, बस की हितं, म्हणाली,
आणि पिठाच्या डब्यावर पोतं टाकून दिलं.

पांढऱ्यात काय काय घालता, विचारलं.
तिनं काहीच लपवलं नाही.
खसखस परवडंना, काजूचा चुरा घालतो.
चटणी नणंदेची, निपाणीस्नं येती.
मटण मात्र मी सोता बघून आणतो.
घालतो, आणतो...
मला वाटलं, नवऱ्याचं सांगतेय.
नवरा जाऊन सात वर्षं झालेली.
इथल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात,
मी आलो, मी गेलो,
मी बी अजून जेवलो न्हाई.

मग तिनं दोन ताटं घेतली.
आधी पांढरा. गरम हाय तंवर पी.
मग तांबडा, आणि माझ्या कानाच्या पाळ्या पेटल्या,
नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी.
ती हसली नाही.
कांद्याची फोड पुढं सरकवली
आणि स्वतःच्या भाकरीचा पापुद्रा काढत बसली.

खरं होतं का ते?
मी परभणीची, मला काय ठाऊक.
शेरा मारायची सवय असून एकही शेरा सुचला नाही.
भाकरी तीन खाल्ल्या, तिनं दोनच धरल्या.
ही तफावत मी तशीच सोडली.

लॉजवर आले तेव्हा आईचा फोन.
जेवलीस का गं?
ओठ अजून चरचरत होते.
जेवलो, म्हटलं.
पलीकडं क्षणभर काहीच नाही.
मग आई, टीव्हीचा आवाज कमी करून:
कोण कोण?