तळवे वाचणारा

मारिपोसास टेकडीवर एकशे बासष्टाव्या पायरीला
माझं दुकान. आकडा मला पाठ आहे, कारण
गिऱ्हाईक दारात टेकलं की आधी तोच सांगतं,
धापा टाकत, जसा काही डोंगर मीच बांधलाय.

वाल्परायसोत माणसानं आपली पायरी ओळखूनच राहावं:
कुठली निसटती, कुठली पहाटे ओली,
कुठलीवर कुत्रं झोपतं.
तरी पडतात.
पडले की आधी खाली जातात, बंदराजवळच्या इस्पितळात,
दोक्तोरा एदुविहिसकडे.
मग काही महिन्यांनी वर येतात, माझ्याकडे,
खिशात तिची चिठ्ठी:
नीबाल्दो, डावी टाच आठ मिलिमीटर उचल.
बाहेरची कड मऊ ठेव. घाई नको.

'घाई नको'च्या खाली रेघ. दर वेळी.

एकतीस वर्षं झाली. तिचं काम मी
दिव्याखाली, उघडं, कधीच पाहिलं नाही.
मला ते दिसतं वर्षभरानं,
जोड्याच्या तळव्यावर, झिजलेलं.

हेराल्दो क्रेनच्या शिडीवरून
उभाच्या उभा खाली आला, दोन्ही टाचांवर.
टाचेचं हाड अंड्यासारखं फुटतं म्हणे.
तिनं तुकडे सहा तास जुळवले,
एका पायात नऊ स्क्रू, दुसऱ्यात अकरा.
पुढच्या हिवाळ्यात त्याचे बूट दुरुस्तीला आले:
मागची कड, बाहेरून किंचित,
दोन्हीकडे सारखी झिजलेली.
सारखी!
त्याला नवे दिले, जुने खिडकीत ठेवले.
कुणी किंमत विचारली तर सांगतो, विकायचे नाहीत.

येर्काचं पाऊल जन्मतःच आत वळलेलं.
तिथं दोक्तोरानं आधी फक्त हात वापरले.
दर सोमवारी अंगठा टेकून जरासं बाहेर,
मग प्लास्टर, मग पुन्हा सोमवार,
शेवटी टाचेमागे तांदळाएवढा छेद.
आता येर्का चौदाची आहे
आणि तिचं पाऊल वाकडं पडतंय अशी तक्रार
तिची आई वेगळ्याच अर्थानं करते.

सगळंच जुळलं नाही.
रिगोबेर्तो पोस्टमन. घोट्यात खोल एक हाड असतं,
तालस, त्याला रक्त जेमतेम पोचतं.
तिनं ते जोडलं. ते आतून वाळत गेलं.
मग तिनं सांधाच कायमचा बंद केला.
त्या वेळी चिठ्ठी आली नाही, ती स्वतः आली,
एक्स-रे माझ्या खिडकीला लावला,
मागे समुद्र, पुढे ते पांढरं, मेलेलं हाड,
आणि म्हणाली, "रक्तच पोचत नाही
तिथं माझं काही चालत नाही, नीबाल्दो."
मी चहा ठेवला. तो तसाच निवला.
रिगोबेर्तो आता बसून पत्रं लावतो.

गेल्या गुरुवारी पुन्हा आली, रिकाम्या हातानं.
"निवृत्त झाले. मला जोडे हवेत."
मोजे काढले.
मी पुष्कळ पाय पाहिलेत. हा पाहून गप्प झालो.
कमान पार बसलेली, अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला,
एकतीस वर्षं इस्पितळाच्या फरशीवर उभा राहिलेला पाय.
"कुणाला दाखवलं नाहीत?"
"कुणाला दाखवू? या बंदरात पायाची डॉक्टर मीच."

कागद पसरला, पेन्सिल उभी धरली,
टाचेपासून सुरुवात केली.
करंगळीपाशी तिला गुदगुल्या झाल्या,
पाय मागे घेतला, पोरीसारखी हसली.
"हलू नका," मी म्हटलं.
"सोमवारपर्यंत होतील?"
मी नुसतं तिच्याकडे पाहिलं.
"बरं, बरं," ती म्हणाली.

कागद अजून पाटावरच आहे.
डाव्या करंगळीजवळ रेघ तुटलीय,
ती हसली तिथं.
साचा कोरताना तेवढी जागा
जराशी सैल सोडीन म्हणतो.