काटा

मंगळवारी साडेअकराची बस मला फाट्यावर सोडते.
तिथून पायी, पऱ्हाटीच्या मधून.
पिशवीत रबरी पट्टा, एक चेंडू,
आणि न्हाणीघरात ठेवतात तसले दोन वजनकाटे,
जे रुग्णालयाच्या यादीत नाहीत,
माझ्या पगारातले आहेत.

उकंडराव लोणारे. वय चौसष्ट.
चाळीस वर्षं बाजार समितीत मापारी.
तान्ह्या पोळ्याच्या सकाळी
चहाची बशी डाव्या हातातून सुटली
आणि उचलायला वाकलेला माणूस
वाकलेलाच राहिला.

लेकानं अंगणात स्प्रिंकलरचे दोन पाईप बांधलेत
कमरेच्या उंचीवर, चार बल्ल्यांना.
मागे पंचफुलाबाई,
नवऱ्याच्या कमरेचा दुपट्टा दोन्ही मुठींत धरून,
बैलाचा कासरा धरावा तसा. नाही,
तसा नाही. कासरा त्या सैल धरतात.

पहिल्या दिवशी काटे शेजारी ठेवले,
एका पायाखाली एक.
उजवीकडे पन्नास. डावीकडे अकरा.
ते कितीतरी वेळ खाली बघत राहिले.
मग ओघळलेल्या तोंडानं म्हणाले,
"म्याडम, हा पाय काटा मारून रायला."

आणि मला न विचारता
बाजेखालचं दहा किलोचं लोखंडी वजन मागवलं,
आधी या काट्यावर ठेवायला लावलं, मग त्या.
"काटे खरे हाय. आता मापा."

मी जमिनीवर काडीनं मेंदू काढून दाखवला,
सांगितलं, डाव्या अंगाला विसरलाय तो.
त्यांनी पुसायला लावलं.
"इसरलो नाई जी. बोलावतो.
थेच येत नाई."

अकरा. अकरा. तेरा. पंधरा.
गुडघा लचकतो आणि आम्ही तिघं एकदम हां हां करतो.
बोटं घासत येतात,
सारवणावर रेघ उमटते,
कोंबडी तिच्यात काही सापडतं का बघते.

मी मोजायला लागले, एक...
पाऊल मागे.
"एक नाई म्हनत. पयल्या मापाले लाभ म्हनावं.
शिकवलं नाई कोनी?"
नाही शिकवलं.
परवा एका मुलीच्या खांद्याचे व्यायाम मोजताना
तोंडातून लाभ निघून गेलं,
तिची आई बघतच राहिली.

दिवाळीनंतरच्या मंगळवारी काटा म्हणाला, नऊ.
मी काट्याची जागा बदलली. नऊच.
पंचफुलाबाई चुलीकडे बघत होत्या.
"राती उठले एकटेच. मले आवाज देल्ला नाई.
रांजनापाशी पडेल होते."
उकंडराव गप्प. कपाळावर हळद.
त्या दिवशी चाललो नाही.
नुसतं बाजेच्या कडेवर बसणं, उठणं, बसणं.
उठताना नाक बोटांच्या पुढे न्या, मी म्हटलं.
"म्हंजे पोतं उचलाचं," ते म्हणाले,
आणि उठले.

आज सव्वीस.
मी वहीत लिहिणार तर हात आडवा आला.
"पायातलं थे पलाष्टिक? त्याचं वजन कोन धरन?
बारदाना कापा. पंचवीस लिवा."

पाईप संपतात तिथून पुढे
बारा फूट अंगण, मग तुराट्यांचं फाटक.
तिथं जायचं आज ठरलेलं नव्हतं.
त्यांनी उजवा हात पाईपवरून काढला.
दुपट्टा लोंबला. ते मला दिसलं, त्यांना नाही.
पंचफुलाबाईंच्या मुठी तशाच वळलेल्या,
सैल कापडावर.

"लाभ," कोणीतरी म्हणालं. मी नव्हे.
दोन.
तीन.
चौथ्याला गुडघा गेला
आणि मी काखेत हात घालून धरलं.

"धरलं कायले?" ते ओरडले.
"माप मोडलं ना!"