कराराचं शेवटचं कलम

ओळख ना पाळख, म्हणाली झुझुना
खालच्या मजल्यावरून, कपडे वाळत घालता घालता,
आणि तू त्याच्या हातात किल्ली दिलीस?

दिली.
तीन महिन्यांचं भाडं आगाऊ होतं,
बूट त्याने न सांगता दाराबाहेर काढले होते,
आणि माझ्या पेन्शनीत तिबिलिसीचा हिवाळा
गुडघ्यापर्यंतच झाकला जातो.

करार मी स्वतः लिहिला,
अडतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या अक्षरात :
काचेचे पेले सहा, पैकी एकाचा टवका उडालेला.
गालिचा एक. अंगणात झटकणे, सज्जातून नाही.
तुतीच्या दिवसांत खिडकी बंद ठेवणे, डाग जात नाहीत.
पियानो एक. वाजवू नये.
खाली त्याची सही : बाद्री,
आणि पुढे एक आडनाव, मुंग्या पांगाव्यात तसं.
ते मी तेव्हाच वाचून घ्यायला हवं होतं.

मग मी खाशुरीला, बहिणीकडे,
एतेरीच्या स्वयंपाकघरात, घडीच्या खाटेवर.
घर भाड्याने दिलं की आधी आपणच पाहुणे होतो
हे कुणी सांगत नाही.
साखर कुठेय ते विचारायचं.
न्हाणीघरात फार वेळ लावायचा नाही.

चौथ्या महिन्यात पैसे आले नाहीत.
पाचव्यात फोन बंद.
सहाव्यात झुझुनाचा निरोप :
तुझ्याकडे आता अकरा जण राहतात,
पाळीपाळीने झोपतात,
ओसरी दिली होतीस ना, बघ पाय कुठवर गेले.

आले तर माझी किल्ली
माझ्याच दारात अर्ध्यावर अडली.
आतून एक बाई म्हणाली, कोण पाहिजे?
काय सांगणार.
मीच पाहिजे, म्हणाले.

पुढचे दहा महिने कोर्टाच्या बाकांवर गेले,
त्यांचं वर्णन करण्यासारखं काही नाही.

दार उघडलं तेव्हा सोबत पोलिसातला शोता होता.
सातवीत याला नकाशात कास्पियन सापडत नसे,
आता माझा गीझर सापडत नव्हता.
लिहून घेतलं त्याने : गीझर. तांब्याचे नळ.
दिव्यांचे होल्डरसुद्धा.
पेले मात्र सहाच्या सहा, टवका उडालेलाही.
आणखी काही, बाई?

पियानोचं झाकण उघडं होतं.

ओतारला एकच गाणं यायचं,
ट्राम डेपोतून आला की, एका बोटाने.
मधली एक पट्टी बेसूर, घेतला तेव्हापासूनच,
म्हणून तर स्वस्तात मिळाला.
ती पट्टी आली की तो बोट उचलायचा
आणि तेवढा सूर तोंडाने लावायचा,
आणि अंगणातून कुणीतरी ओरडायचं : वा रे ओतार!
तो गेल्यावर आठ वर्षं मी त्या जागी थांबत आले,
बोट हवेत धरून.

उभ्यानेच वाजवून पाहिलं.
कुणीतरी,
त्या अकरांतलं एक, किंवा तोच,
पियानो सुरात लावून गेलं होतं.
मन लावून. एकेक तार.

गाणं आता सरळ जातं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.
ओतारला आत शिरायला फट नाही.

शोता पेन धरून उभा.
याला कुठलं कलम लागतं रे?
कशाला, बाई?
काही नाही. नळ लिहिलेस ना?

या एप्रिलात दोघी आल्या, नर्सिंगच्या मुली.
आडनावं त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतली.
कराराच्या शेवटी भर घातली :
पियानो वाजवला तरी चालेल. दुरुस्त करू नये.
धाकटीने एक पट्टी दाबून पाहिली, मग दुसरी.
पण हा तर सुरात आहे, म्हणाली.

राहणार नाही, म्हटलं. इथली हवा दमट आहे.
खिडकी तेवढी उघडी ठेवत जा,
तुतीच्या दिवसांतसुद्धा.